बावन्नचा खरा फिल्टर

भर दुपारी कॅमेऱ्याच्या दुकानात शिरून "संजू, शटर घे खाली," असं फर्मावणारा आणि डोक्यावरची पांढरीशुभ्र टोपी काढून काउंटरवर पसरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला वाटलं, दुकानावर धाड पडली. मी नवाकोरा कॅमेरा पोटाशी धरून कोपऱ्यात सरकलो. दुकानाचे मालक संजू पोवार मात्र उठले आणि त्यांनी खरोखरच शटर खाली ओढलं. आत काळोख झाला. त्या काळोखात एक जांभळा दिवा लागला, खोट्या नोटा ओळखायचा असतो तसला, आणि काउंटरवरची टोपी निळ्या उजेडात लखलखायला लागली.

"पावणं, भिऊ नगासा," अंधारातून आवाज आला. "काच तपासतोय."

हे मल्लूअण्णा. मल्लाप्पा शेटे. राहणार मंगळवार पेठ, आमच्याच गल्लीत, कोपऱ्यावरच्या घरात. मी तेव्हा पेठेत नवा होतो. त्यामुळे ज्यांना सारी पेठ ओळखते त्या अण्णांना मी ओळखत नव्हतो, आणि ते माझ्याकडे तपासायचा राहून गेलेला माल असल्यासारखं बघत होते. पुढे आमची चांगली गट्टी जमली, पण मी त्यांच्यासाठी 'पावणं'च राहिलो.

अण्णांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, मापं तपासायची आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा. अण्णा रस्त्याच्या टोकाला दिसले की अख्ख्या बाजारातले काटे आपोआप सरळ व्हायचे, असं जुने व्यापारी अजून सांगतात. कुणाच्या दुकानात त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नाही. चहा घेतला की काटा हलतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे अण्णा खात्यातून रिटायर झाले, पण खातं काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. तराजू सुटले, तेव्हा त्यांनी डब्यांवरचा मजकूर धरला.

"लिवलंय खरं," अण्णा कुठलाही डबा हातात घेऊन म्हणतात, "पर करतंय काय?"

एकदा त्यांनी पाण्यात न बिघडणारं घड्याळ आणलं आणि ते मिसळवाल्याच्या कटाच्या पातेल्यात सोडलं. मिसळवाला बोंबलायला लागला, तर त्यालाच विचारलं, "कटात पाणीच असतंय न्हवं? का दुसरं काय घालतोस?" बिचाऱ्याची बोलतीच बंद झाली. घड्याळाचीही झाली. वाऱ्यात न उलटणारी छत्री घेऊन ते भर आषाढात जोतिबाच्या डोंगरावर गेले आणि उलटलेली छत्री तशीच डोक्यावर धरून एसटीने परत आले. वाटेत भेटेल त्याला दाखवत होते. न चिकटणाऱ्या तव्यावर गुळाचा पाक करून पाहिला. तो तवा पाकासकट आजही दुकानदाराच्या घरी आहे म्हणतात. ह्यात अण्णांना कुणावर राग काढायचा नसतो. एखादी वस्तू डब्यावर लिहिल्याप्रमाणे वागली की त्यांना इतका आनंद होतो, की ते ती वस्तू घेऊन गल्लीभर हिंडतात. मागे एकदा खरंच न गळणारा पाण्याचा नळ सापडला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते.

तर त्या दुपारी अण्णा तपासत होते तो यूव्ही फिल्टर. ज्यांना कॅमेऱ्याचा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची ही एक गोल काच. डब्यावर लिहिलेलं असतं की सूर्याचे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण ही अडवते, त्यामुळे लांबचं धुरकट दृश्य स्वच्छ येतं, रंग खुलतात, आणि शिवाय लेन्सला ओरखडा जात नाही. नवीन कॅमेरा घेणाऱ्याला दुकानदार ती हमखास गळ्यात मारतात. संजूदादा माझ्याही मारत होते, तेवढ्यात हे टोपीप्रकरण झालं.

टोपीची युक्ती साधी. अण्णा स्वतःची टोपी स्वतः धुतात, तीही चकचकीत पांढऱ्या धुण्याची जाहिरात करणाऱ्या पावडरीत. त्या पावडरीत असं काहीतरी असतं, की अतिनील किरण पडले की कपडा निळसर चमकतो. जांभळ्या दिव्यातून तेच किरण येतात. टोपीवर फिल्टर ठेवायचा आणि वरून दिवा मारायचा. काच खरी असेल तर ती किरण अडवते, आणि टोपीवर काचेखाली काळा गोल डाग दिसतो. काच नुसतीच काच असेल तर टोपी खालूनही तशीच चमकत राहते. त्या दिवशी अख्ख्या ट्रेमधले फिल्टर टोपीवर ठेवून झाले आणि टोपी प्रत्येक वेळी चमकली.

"बावन्नचा एकबी खरा न्हाय व्हय रं संजू?" अण्णा म्हणाले. बावन्न हे फिल्टरचं माप. अण्णांना तेवढ्याच मापाचा हवा होता.

"अण्णा, पुढच्या मालात बगू की."

शटर वर गेलं. अण्णांनी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि निघून गेले. मी संजूदादांना विचारलं, हा माणूस तुमचं गिऱ्हाईक घालवतो आणि तुम्ही शटर ओढता? ते हसले. "अण्णांनी नापास केलेला माल मी व्यापाऱ्याला परत लावतो. आन् त्यांनी पास केलेला माल न्यायला लोकं हुडकत येत्यात. माझा काय तोटा न्हाय बगा. फकस्त अंधार हुतोय."

चैत्रात जोतिबाची यात्रा उरकून गर्दी ओसरली, तेव्हा अण्णा मला डोंगरावर घेऊन गेले. फिल्टर खरोखर धुरकटपणा कापतो का, हे त्यांना माझ्या कॅमेऱ्यावर बघायचं होतं. त्यासाठी संजूदादांनी एका फोटोग्राफरकडून टोपीवर पास झालेला, पण बावन्नहून मोठ्या मापाचा फिल्टर उसना आणून जोडकडीने माझ्या लेन्सवर बसवून दिला होता. मला नव्या कॅमेऱ्याने चार चांगले फोटो काढायचे होते. पण अण्णांनी मला कड्यापाशी उभं केलं आणि दिवसभर एकाच दरीचे फोटो काढायला लावले, एकदा फिल्टर लावून, एकदा काढून. घरी येऊन आम्ही जोडीजोडीने ते टीव्हीवर लावले. गल्लीतल्या लोकांना बोलावून विचारलं, ह्यातला फिल्टरचा कुठला? कुणाला सांगता येईना. शेवटी अण्णांनी स्वतः बोट ठेवलं, तेही चुकीच्या फोटोवर. मला वाटलं, आता ते काहीतरी सबब सांगतील. पण ते मोठ्याने म्हणाले, "मीबी नापास!"

मग त्यांनी कारण शोधून काढलं. जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यात हे किरण फिल्मवर पडायचे, तेव्हा फिल्टरचा उपयोग होता. आताच्या कॅमेऱ्याच्या पोटातच एक काच असते, ती किरणांना आत येऊ देत नाही. बाहेर आणखी एक बसवली काय, न बसवली काय, सारखंच. उलट दिवेलागणीला देवळाजवळ काढलेल्या फोटोत एका दिव्याचे दोन दिवे आले होते. फिल्टरच्या काचेवरून उजेड उलटा फिरला होता. अण्णा त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "देवाला एकच दिवा लावलाता. ह्यो दुसरा कुणी लावला?"

डोंगरावर आणखी एक गोष्ट घडली होती. कुठल्याशा गावची पालखी आली आणि कुणीतरी "चांगभलं" म्हणून उधळलेला मूठभर गुलाल नेमका माझ्या लेन्सवर आला. मी ओरडलोच. अण्णांनी शांतपणे फिल्टर फिरवून काढला, तो धोतराला पुसला आणि माझ्यापुढे लेन्स धरली. आत गुलालाचा कण नव्हता.

"म्हंजे ही काच गुलाल आडीवती," अण्णा म्हणाले. "मग डब्यावर तसं लिवा की! किरण कशाला मधी आणलासा?"

हे ऐकून संजूदादांनी खरोखरच दुकानाबाहेर 'गुलालाचा फिल्टर मिळेल' अशी पाटी लावली. यूव्ही म्हणून विकले नव्हते इतके फिल्टर त्या पाटीवर खपले. अण्णा रोज पाटीसमोर थांबून ती वाचायचे आणि समाधानाने पुढे जायचे.

एक गोष्ट मात्र मला उमगत नव्हती. कॅमेऱ्याला ह्या काचेचा उपयोग नाही, हे ज्यांनी स्वतः सिद्ध केलं, ते अण्णा तरीही नवा माल आला की टोपी काढून दुकानात हजर. बावन्नचा खरा हवा, आणि तोही दसऱ्याच्या आत. मी एकदा विचारलंच.

"लागतोय," ते म्हणाले. "दसऱ्यापासनं ऊन तिरकं हुतंय. घरात शिरतंय."

मी मनाशी म्हटलं, वय झालं. जोतिबाच्या पायऱ्यांवरही ते असेच वागले होते. एका पायरीशी थांबून त्यांनी माझ्याकडून कॅमेरा मागून घेतला, रिकाम्या पायरीवर रोखला आणि बटण न दाबताच परत दिला. ते एकटे राहतात, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एवढंच मला गल्लीत ऐकून माहीत होतं. घरात ते कुणाला घेत नसत. जे काय बोलणं व्हायचं ते बाहेरच्या कट्ट्यावर.

भाद्रपद निम्मा सरला आणि आक्रीत घडलं. संजूदादांकडे नवीन ट्रे आला, अण्णांनी टोपी पसरली, आणि पहिल्याच काचेखाली टोपी काळी पडली. दुसरीखालीही काळी, तिसरीखालीही. अख्खा ट्रे पास! अण्णांचा आनंद दुकानात मावेना. त्यांनी बावन्नचा एक ताबडतोब विकत घेतला, मलाही घ्यायला लावला, आणि दिसेल त्याला "ह्या खेपंचा माल खरा हाय," म्हणून सांगत सुटले. संजूदादांचा ट्रे बघता बघता रिकामा होत आला.

आठवडा जातो न जातो तोच अण्णा सकाळी सकाळी माझ्या दारात उभे. चेहरा उतरलेला, डोक्यावर टोपी नाही. अण्णांना बोडक्या डोक्याने रस्त्यात मी प्रथमच पाहत होतो.

"पावणं, घोळ झालाय," ते म्हणाले. "टोपीच खोटी हुती."

झालं होतं असं. मलकापूरला त्यांच्या भाचीच्या मुलाचं बारसं होतं. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पाहुण्यांनी घरातल्या वडीलधाऱ्याचा टॉवेल-टोपी देऊन मान केला. टोपी खादीची, कोरी करकरीत, पावडरीचा हात न लागलेली. पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून अण्णा तीच घालून फिरले, आणि तीच दुकानात काउंटरवर पसरली. टोपीत चमकायचं काहीच नव्हतं, तर ती कुठल्याही काचेखाली काळीच दिसणार; काचेबाहेरची टोपीही चमकत नाही, हे आनंदाच्या भरात कुणी पाहिलंच नाही. आदल्या दिवशी अण्णांनी सहज म्हणून घरच्या खिडकीची काच तपासली, तर तीही पास झाली. पाण्याचा पेला पास झाला. शेवटी लोणच्याची बरणी पास झाली, तेव्हा त्यांनी दिव्याचा उजेड नुसत्या टोपीवर पाडून बघितला.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. एवीतेवी कॅमेऱ्याला त्या काचेने काही फरक पडत नव्हता. अण्णा मात्र जुनी धुतलेली टोपी पिशवीत घालून, ज्यांना ज्यांना त्यांनी सांगितलं होतं त्यांच्या घरोघरी गेले. प्रत्येकाच्या माजघरात अंधार करायला लावला, फिल्टर पुन्हा तपासला आणि नापास झाला की हात जोडून म्हणाले, "माझी चूक. संजू पैसे परत देतोय." संजूदादांनी ते दिले. ते मला म्हणाले, "आता अण्णांनी सांगितलं तर मी नुसत्या हवेचेबी पैसे परत देईन. असला माणूस ह्या धंद्यात कुठं मिळतोय?"

माझा फिल्टर तपासायची वेळ आली. मी खिडक्या लावल्या. अण्णांनी जुनी टोपी टेबलावर पसरली, दिवा लावला. टोपी लखलखली, आणि तिच्या मधोमध एक काळा कुळकुळीत गोल डाग उमटला. मी मुद्दाम फिल्टर उचलून पाहिला. डाग गेला. ठेवला, डाग आला.

"तुमचा खरा हाय, पावणं," अण्णा म्हणाले. नळ सापडल्यावर पेढे वाटणारा माणूस हे इतक्या हलक्या आवाजात म्हणाला, की मला चमत्कारिक वाटलं. त्यांनी तो फिल्टर जरा जास्तच वेळ हातात धरला, पुसला, पुन्हा पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. "जपा," म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी मी दुकानात चौकशी केली. अण्णांनी स्वतःसाठी घेतलेला नापास झाला होता. सगळ्या खेपेत माझा एकच खरा निघाला, आणि तसला पुन्हा येईल ह्याची संजूदादा खात्री देईनात. अण्णांनी माझ्याकडे तो मागितला नव्हता. जन्मभर कुणाचा चहा न घेतलेला माणूस काय मागणार?

पुढच्या आठवड्यात घट बसायचे होते. जोतिबाचे फोटो मी छापून आणले होते, तेवढं निमित्त करून मी अण्णांकडे गेलो. कॅमेरा गळ्यात होताच. कट्ट्यावर कुणी नव्हतं. दार उघडं होतं आणि आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, म्हणून मी हाक मारत आत शिरलो.

अण्णा स्टुलावर उभे होते. हातातून सुटलेली, काच बसवायची रबराची पट्टी खाली पडली होती. समोर दक्षिणेची खिडकी, खिडकीलगतच्या काटकोनातल्या भिंतीवर एक मोठा फोटो, आणि खिडकीतून आलेली उन्हाची पहिली तिरकी पट्टी त्या फोटोच्या चौकटीपासून वीतभर अंतरावर पोचली होती.

फोटो जवळजवळ गेलेला होता. डोंगर, पायऱ्या, साडी, सगळं पिवळट पांढरं झालं होतं. फक्त चेहऱ्याच्या जागी काचेवर एक गोल फिल्टर चिकटवलेला होता, आणि त्या गोलाच्या आतली बाई कालच जोतिबाहून आल्यासारखी ताजी होती. गालावर, भुवयांवर, नथीवर गुलाल. हसता हसता वैतागलेली. गोलाच्या बाहेर तिचा एक हात पुढे आला होता, पंजा पसरून, फोटो काढणाऱ्याला अडवणारा. तो हात आता नुसती सावली उरला होता, आणि त्याच्यावर, गोलाच्या नि चौकटीच्या मधे, जेमतेम बावन्नच्या काचेपुरती जागा होती.

"ही पारू," अण्णा स्टुलावरूनच म्हणाले. "फोटो म्हटलं की पळायची. म्हणायची, मी काय वजनाचं माप हाय काय, शिक्का मारून घ्यायला? हा एवढा एकच गावलाय. त्या पायरीवर."

मी विचारू नये ते सगळं विचारलं. दुसरा छापून का नाही घेतला? निगेटिव्ह स्टुडिओत होती, ती पंचगंगेच्या पुरात गेली. फोटोवरून फोटो? काढला होता, त्यातला गुलाल जांभळा आला. चौकटीची काच बदलायची? ती काच अतिनील किरण अडवणारी म्हणूनच घेतली होती, तसं तिच्यावर लिहिलं होतं. अण्णांनी त्यावर विश्वास ठेवला. एका हिवाळ्यात साडीचा रंग गेला. "हिरवं इरकल हुतं," ते म्हणाले. मग पावसाळ्यात ओल धरून फोटो काचेला चिकटला. आता काढायला जावं तर चेहराच फाटायचा. तेव्हा एक खरा फिल्टर सापडला, तो त्यांनी बाहेरून चेहऱ्यावर लावला. नंतर इतकी वर्षं हातासाठी दुसरा सापडला नाही.

"आन् ह्या टोपीच्या नादात त्यो खोटा लावून ठेवलाता की तिच्या हातावर," ते म्हणाले. "ऊन आलं नव्हतं म्हणून बरं. त्याचीच पट्टी काढत हुतो."

"अण्णा, पण मग भिंत बदला. आतल्या खोलीत लावा. नाहीतर पडदा तरी लावा."

अण्णांनी माझ्याकडे, न कळणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "ह्या खिडकीत बसून ती शेंगा फोडायची, केस वाळवायची. आख्खी गल्ली तिला हितनं दिसायची. पडदा लावला तर तिला काय दिसणार?"

ह्या माणसाला आम्ही सगळे विक्षिप्त म्हणत होतो. मी गळ्यातला कॅमेरा उचलला, लेन्सवरचा फिल्टर फिरवून काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

अण्णांनी हात पुढे केला, मागे घेतला. "किमतीचं काय ते—"

"अण्णा, माझ्या कॅमेऱ्याला ह्याचा उपयोग नाही. तुम्हीच सिद्ध केलंय."

ते स्टुलावरून उतरले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, टेबलावर पसरली आणि जांभळा दिवा शोधायला लागले.

"अहो, तपासलाय की हा! मागच्या आठवड्यात, माझ्याच घरी."

"मागच्या आठवड्यात त्यो तुमच्या कॅमेऱ्यासाठी हुता," अण्णा म्हणाले.

अंधार करायला खिडकी लावावी लागणार होती. कडी सरकवण्याआधी ते फोटोकडे वळले आणि म्हणाले, "एक मिंट हं." मग दिवा लागला, टोपी लखलखली, काळा डाग उमटला. अण्णांनी फिल्टर फिरवून, कलता करून, उलटा करून पाहिला. डाग हलला नाही. त्यांनी लगेच खिडकी उघडली.

"धर की रं स्टूल जरा," ते म्हणाले. मला त्यांनी पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. मी स्टूल घट्ट धरलं. अण्णा बोडक्या डोक्याने वर चढले, रबराची पट्टी ओली करून बसवली आणि त्या पुसट झालेल्या पंजावर काच टेकवून अंगठ्यांनी कडेकडेने दाबत राहिले. उन्हाची पट्टी चौकटीला येऊन लागली होती. ती आत सरकेपर्यंत ते तसेच उभे राहिले, आणि मग मी तिथे आहे हे विसरून हळूच म्हणाले,

"आता कर की नको-नको, किती करायचं तेवढं."